रिकाम्या खुर्च्यांची साक्ष

२०२४ च्या हंगामात ओकलंड ॲथलेटिक्स या बेसबॉल संघाने १६२ पैकी ६९ सामने जिंकले आणि ९३ गमावले. अमेरिकन लीगच्या पश्चिम विभागातील पाच संघांत त्याचा क्रमांक चौथा लागला. आदल्या वर्षी याच संघाने ११२ सामने गमावले होते, त्यामुळे थोडीफार सुधारणा झाली एवढेच कोणी तक्ता पाहून म्हणेल आणि पान उलटेल. पण हा संघाचा ओकलंडमधील सत्तावन्नावा आणि शेवटचा हंगाम होता, आणि तो शेवटचा असणार हे पहिला चेंडू पडण्याच्या आधीच जवळजवळ सर्वांना ठाऊक होते. संघ गाव सोडून लास वेगासला जाणार हे ठरून गेल्यावर गावाने त्याचे सामने सहा महिने कसे पाहायचे, किंबहुना पाहायचे तरी का, हा प्रश्न त्या वर्षी आमच्या परिसरातील पुष्कळ घरांत चर्चिला गेला. आमच्याही घरात तो होता.

मी फ्रीमाँटला राहतो. ओकलंडच्या दक्षिणेला, बार्ट रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत कोलिसियम या संघाच्या मैदानाच्या स्थानकावर पोहोचता येईल इतक्या अंतरावर हे गाव आहे. मराठी माणसांची येथे आणि आसपासच्या गावांत मोठी वस्ती आहे, आणि त्यांतील बहुतेकांचे चेंडूफळीचे प्रेम क्रिकेटवरच संपते. बेसबॉल आमच्याकडे आला तो मुलांच्या शाळेतून. मुले हिरवी-पिवळी टोपी घालून घरी आली आणि मग वडीलधाऱ्यांनी नियम समजून घेतले. सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सचे मैदान देखणे, खाडीकाठचे आणि महाग. ए’जचे, म्हणजे ॲथलेटिक्सचे, मैदान कळकट, पण चौघांच्या कुटुंबाला परवडणारे. आमची निष्ठा अशी आधी खिशाने ठरवली आणि प्रेम नंतर जडले. त्यात मला काही गैर वाटत नाही.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी हंगामाचे गणित सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. प्रत्येक संघ मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो, त्यांतले निम्मे घरच्या मैदानावर. म्हणजे जवळपास रोज सामना. उत्तम संघही साठेक सामने हरतो आणि भिकार संघही चाळीस-पन्नास जिंकतो. त्यामुळे एका सामन्याच्या निकालाने कोणी उर बडवून घेत नाही; बेसबॉल पाहणे ही उत्सवापेक्षा सवयीच्या जवळची गोष्ट असते. संध्याकाळी भाजी चिरताना स्वयंपाकघरात रेडिओवर समालोचन चालू असावे, मधूनच कोणीतरी 'काय झालं रे?' असे विचारावे आणि उत्तर न ऐकताच पुन्हा कामाला लागावे, असा तो प्रकार आहे. आणि तळाला राहिलेला संघ इथे खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही. हरणाऱ्या संघाच्या मालकालाही दूरदर्शनच्या हक्कांचा आणि सामायिक उत्पन्नाचा वाटा मिळतच राहतो. हरणे हा मालकासाठी तोट्याचा धंदा असेलच असे नाही, ही गोष्ट क्रिकेटवर पोसलेल्या आम्हांला उमगायला बराच वेळ लागला.

ए’ज मुळात ओकलंडचे नव्हतेच. १९०१ साली ते फिलाडेल्फियात स्थापन झाले, १९५५ मध्ये कॅन्सस सिटीला गेले आणि १९६८ मध्ये ओकलंडला आले. त्यांचे बोधचिन्ह हत्ती आहे, त्याची कथा फिलाडेल्फियातली आहे. न्यूयॉर्क जायंट्सचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनी १९०२ मध्ये या संघाला पांढरा हत्ती, म्हणजे मालकाला खाऊन टाकणारी निरुपयोगी चैन, असे हिणवले आणि संघाने ती शिवी मानाने अंगावर मिरवली. शंभर-सव्वाशे वर्षांनी हा हत्ती नेमका कोणाला पोसावा लागतो, मालकाला की गावाला, हा वाद नव्याने उभा राहिला, हे मॅग्रॉ यांना फार आवडले असते. ओकलंडने आपला संघ कॅन्सस सिटीकडून घेतला होता, तेव्हा तो लास वेगासने घेतला तर तक्रार कशाची, असे विचारणारे लोकही भेटतात. तार्किकदृष्ट्या त्यांचे खोडून काढता येत नाही. पण सत्तावन्न वर्षांत तीन पिढ्या वाढतात, आणि तर्क त्यांच्या घरी राहायला येत नाही.

त्या वर्षांत काय काय झाले याची यादी लांबलचक आहे. १९७२, १९७३ आणि १९७४ अशी ओळीने तीन जगज्जेतेपदे, १९८९ मध्ये चौथे, आणि तेही अशा मालिकेत की तिसरा सामना सुरू होण्याच्या बेतात असताना लोमा प्रिएटाचा भूकंप झाला आणि खेळ दहा दिवस थांबला. प्रतिस्पर्धी खाडीपलीकडचे जायंट्सच होते. २००२ मध्ये सलग वीस विजय. पण ओकलंडच्या माणसाला एकच नाव विचारा. तो रिकी हेंडरसन म्हणेल. रिकी ओकलंडमध्येच वाढला, तिथल्याच शाळेत शिकला आणि १९७९ मध्ये ए’जकडून खेळू लागला. बेस म्हणजे धावणाऱ्याने गाठायचा टप्पा; बेस चोरणे म्हणजे पिचर, म्हणजे गोलंदाज, चेंडू टाकण्याच्या क्षणी पुढच्या बेसकडे धूम ठोकणे. १९८२ च्या एका हंगामात त्याने १३० बेस चोरले आणि कारकिर्दीत १,४०६. दुसऱ्या क्रमांकाचा लू ब्रॉक ९३८ वर थांबतो. असा विक्रम मोडला जाईल असे कोणाच्या मनातही येत नाही.

रिकी आला ते १९७९ साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या एप्रिलमध्ये एका सामन्याला कोलिसियमवर ६५३ प्रेक्षक होते. सहाशे त्रेपन्न! मालक चार्ली फिनली यांनी आपले जगज्जेते खेळाडू एकामागून एक हातचे घालवले होते आणि संघ विकायला काढला होता. मग मालकी बदलली, संघावर पैसा खर्च होऊ लागला आणि १९९० च्या हंगामात त्याच मैदानावर सुमारे २९ लाख माणसे आली. गाव तेच, मैदान तेच, रेल्वेचे स्थानकही तेच. ओकलंडमध्ये बेसबॉल चालत नाही असे ज्यांना म्हणायचे असते ते १९७९ सांगतात, आणि १९९० बद्दल काहीही बोलत नाहीत.

मैदानाबद्दलही थोडे सांगतो, कारण त्याची निंदा हा या भांडणातला मोठा पुरावा होता. १९६६ मध्ये बांधलेले कोलिसियम अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल दोन्हींसाठी होते, म्हणून दोन्हींसाठी थोडे थोडे गैरसोयीचे होते. पूर्वी मैदानाच्या मागे ओकलंडच्या टेकड्या दिसत. १९९५-९६ मध्ये रेडर्स हा फुटबॉल संघ परत यावा म्हणून काँक्रीटची एक अवाढव्य गॅलरी उभारली गेली आणि टेकड्या तिच्याआड गेल्या. रेडर्स पुढे लास वेगासला गेले, शेजारच्याच बंदिस्त स्टेडियमवर खेळणारा वॉरियर्स हा बास्केटबॉल संघ सॅन फ्रान्सिस्कोला गेला, आणि ती गॅलरी मात्र राहिली. २०१३ मध्ये सांडपाणी तुंबून खेळाडूंच्या खोल्यांत आले. भटक्या मांजरांनी तिथे संसार थाटला, समालोचकांच्या कक्षाच्या भिंतीत पोसम नावाचे प्राणी राहू लागले. मला स्वतःला त्या मैदानाची सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे फाउल रेषेबाहेरची ती ऐसपैस जागा. इतरत्र जो उडालेला चेंडू प्रेक्षकांत पडून फाउल ठरतो आणि बॅटर वाचतो, तो इथे धावत जाऊन झेलता येई. क्षेत्ररक्षकाला धावायला अधिक जागा मिळे आणि पिचरचे आयुष्य वाढे. नवी स्टेडियमे प्रेक्षकाला खेळाच्या जवळ आणण्यासाठी, म्हणजेच महागडी तिकिटे वाढवण्यासाठी, ही जागा खाऊन टाकतात. कोलिसियममध्ये ती जुनी ढिलाई शेवटपर्यंत शाबूत होती.

नवे मैदान हवे होते, यात दुमत नव्हते. ते कुठे आणि कोणाच्या पैशाने, यात वीस वर्षे गेली. त्यातले एक प्रकरण आमच्या अगदी दाराशी घडले. २००६ मध्ये संघाने फ्रीमाँटलाच स्टेडियम बांधण्याची योजना जाहीर केली होती. वाहनांची गर्दी होईल म्हणून रहिवासी आणि गाड्या लावायला जागा उरणार नाही म्हणून दुकानदार विरोधात गेले आणि २००९ मध्ये योजना बारगळली. आज हळहळणाऱ्या फ्रीमाँटकरांनी हे विसरू नये. मग सॅन होजेचा विचार झाला; तो प्रदेश जायंट्सचा म्हणून लीगने अडवले, शहराने खटला भरला, आणि बेसबॉलला १९२२ पासून मक्तेदारीविरोधी कायद्यातून जी अजब सूट मिळालेली आहे तिच्या आधारे न्यायालयांनी तो फेटाळला. शेवटी ओकलंडच्याच बंदरातील हॉवर्ड टर्मिनलची योजना आली, वर्षानुवर्षे बोलणी चालली, आणि एप्रिल २०२३ मध्ये संघाने लास वेगासमध्ये जागेचा व्यवहार जाहीर करून ती बोलणी संपवली. नेवाडा राज्याने ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा देऊ केला. नोव्हेंबरमध्ये तीसही संघांच्या मालकांनी स्थलांतराला एकमताने मान्यता दिली.

मुंबईकर वाचकाला इथे ब्रेबॉर्न आणि वानखेडे आठवेल. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यातला तो तंटाही खुर्च्यांवरूनच, म्हणजे कोणाला किती जागा द्यायच्या यावरूनच पेटला होता आणि त्यातून १९७५ च्या आरंभी वानखेडेवर पहिली कसोटी झाली. पण तिथे क्रिकेट चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हलले. मुंबईचा संघ उचलून सुरतेला नेण्याचा अधिकार कोणा एका माणसाकडे नव्हता.

ओकलंडच्या भांडणातला कळीचा मुद्दाही खुर्चीच होती, पण रिकामी. संघाचे मालक जॉन फिशर हे गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापक कुटुंबातले. त्यांच्या बाजूचे म्हणणे असे की लोक येत नाहीत, मग संघ टिकणार कसा. लोकांचे म्हणणे असे की चांगला खेळाडू तयार झाला की तुम्ही तो विकता, पगारपत्रक सगळ्या लीगमध्ये सर्वांत लहान ठेवता, पडक्या मैदानाचे तिकीट महाग करता, आणि वर निघून जाण्याच्या धमक्या देता. मग आम्ही का यावे? १५ मे २०२३ च्या सामन्याला २,०६४ प्रेक्षक होते. त्या आकड्याची देशभर चर्चा झाली. आता तिकीट काढावे तर तो पैसा ज्याच्यावर राग आहे त्याच्याच खिशात जातो, आणि न काढावे तर आपली रिकामी खुर्ची त्याच्याच बाजूने साक्ष देते. प्रेक्षकाच्या हाती एकच शस्त्र असते, गैरहजेरी. आणि इथे ते उलटे धरायला लावले होते.

त्यावर चाहत्यांनी काढलेला तोडगा मला आजही कल्पक वाटतो. १३ जून २०२३ च्या मंगळवारी त्यांनी उलटा बहिष्कार जाहीर केला: सगळ्यांनी यायचे. चाहत्यांनी वर्गणीतून हिरवे सदरे छापून वाटले, त्यांवर मालकाला उद्देशून 'विका' एवढाच शब्द होता. २७,७५९ माणसे आली. पाचव्या इनिंगच्या, म्हणजे नऊ डावांपैकी पाचव्याच्या, आरंभी सारे मैदान ठरवून गप्प बसले आणि मग तोच एक शब्द हजारो घशांतून उमटू लागला. गंमत म्हणजे तळाच्या संघाने त्या रात्री टॅम्पा बेचा बलाढ्य संघ २-१ असा हरवला. तो ओळीने सातवा विजय होता. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने स्टेडियमच्या निधीचे विधेयक मंजूर केले. दोन दिवसांनी लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांना या गर्दीबद्दल विचारले गेले, तेव्हा एका रात्रीपुरती का होईना, लीगच्या सरासरीच्या जवळ जाणारी गर्दी दिसली हे छान झाले, अशा अर्थाचा टोमणा त्यांनी मारला. भरलेली खुर्चीसुद्धा साक्षीला चालत नाही, हे त्या एका वाक्याने स्पष्ट झाले. निकाल आधीच लिहिलेला असेल तर पुरावा कोणत्याही बाजूचा चालतो.

म्हणून २०२४ चा हंगाम उजाडला तेव्हा डावपेच संपले होते. २८ मार्चला पहिल्या सामन्याच्या संध्याकाळी बरेच चाहते स्टेडियमच्या आत न जाता बाहेरच्या वाहनतळावर जमले आणि तिथेच त्यांनी जत्रा भरवली. आत १३,५२२ लोकांची नोंद झाली आणि क्लीव्हलंडने ए’जना ८-० असे धुतले. आठवड्याभरात, ४ एप्रिलला, जाहीर झाले की वेगासचे मैदान होईपर्यंत संघ तीन हंगाम सॅक्रामेंटोशेजारच्या एका छोट्या मैदानावर खेळेल, जिथे साधारण चौदा हजार माणसे मावतात. ओकलंडमध्ये गर्दी होत नाही म्हणून निघालेला संघ आता गर्दी मावणारच नाही अशा जागी चालला होता.

आणि मग, कोणाचीही अपेक्षा नसताना, ही पोरे बरी खेळू लागली. ४ मे रोजी त्यांनी मायामीवर २०-४ असा विजय मिळवला, तो सलग सहावा होता, आणि संघ १७ विजय, १७ पराभव अशा बरोबरीत आला. पुढे ते घसरले, पण जुलैत पुन्हा उचल खाल्ली. १४ जुलैला लॉरेन्स बटलरने फिलाडेल्फियात, म्हणजे संघाच्या जन्मगावी, एकाच सामन्यात तीन होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले आणि ए’ज १८-३ असे जिंकले. ब्रेंट रूकरने वर्षभरात ३९ होम रन मारले. मेसन मिलर नावाचा तरुण पिचर शेवटच्या इनिंगमध्ये येऊन ताशी शंभर मैलांहून वेगवान चेंडू टाकू लागला आणि समोरच्या बॅटरचा चेहरा पाहण्यासाठी लोक रात्री उशिरापर्यंत जागू लागले. याच मिलरने जुलैत वैतागून टेबलावर हात आपटला आणि डाव्या हाताच्या करंगळीचे हाड मोडून घेतले. संघाचे नशीबच तसे होते. पण एकूणात आदल्या वर्षापेक्षा एकोणीस विजय जास्त झाले.

मला हे सर्वांत अवघड गेले. संघ वाईटच खेळत राहिला असता तर निरोप सोपा होता. मालक आणि संघ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असे आपण सहज म्हणतो, पण तिकीट खिडकीवर त्या वेगळ्या करून मिळत नाहीत. बटलर पंचवीसही वर्षांचा नव्हता; त्याने हे गाव सोडायचे ठरवले नव्हते. व्यवस्थापक मार्क कॉटसे स्वतः या मैदानावर ए’जसाठी खेळलेला. आमच्या ओळखीत काही जणांनी वर्षभर एकही तिकीट काढले नाही आणि सामने फक्त रेडिओवर ऐकले; काहींनी जायंट्सची टोपी विकत आणली, त्यांच्याशी मुलांनी अबोला धरला. मी जात राहिलो. तत्त्वाच्या तराजूत मी हलका ठरलो असेन, पण मला खेळ पाहायचा होता, आणि पुढच्या वर्षी तो तिथे नसणार होता. वर्षअखेर हंगामाची प्रेक्षकसंख्या ९ लाख २२ हजारांच्या आसपास भरली. आदल्या वर्षीच्या ८ लाख ३२ हजारांपेक्षा जास्त, तरीही लीगमध्ये सर्वांत कमी.

कोलिसियमवरचा शेवटचा सामना २६ सप्टेंबरला, गुरुवारी दुपारी होता. कामाच्या दिवशी ४६,८८९ माणसे आली. बार्ट स्थानकाहून मैदानाकडे नेणाऱ्या पुलावर सॉसेज भाजणाऱ्या आणि स्वस्त टोप्या विकणाऱ्या फेरीवाल्यांनी इतका धंदा कितीतरी वर्षांत केला नसेल. रिकी हेंडरसन आणि संघाचा जुना पिचर डेव्ह स्टुअर्ट, दोघेही ओकलंडचे, यांनी मानाचे पहिले चेंडू टाकले. संघाचाच माजी पिचर बॅरी झिटोने राष्ट्रगीत म्हटले. उजव्या बाजूच्या ब्लीचर्समध्ये, म्हणजे उघड्या बाकांवर, नेहमीचे ढोलवाले होते आणि त्यांनी दम घेतला नाही. समोर टेक्सास रेंजर्स होते, आदल्या वर्षीचे जगज्जेते. ए’ज ३-२ असे पुढे असताना नवव्या इनिंगला मिलर आला. शेवटच्या बॅटरचा चेंडू जमिनीवरून तिसऱ्या बेसकडे गेला, मॅक्स शूमनने तो उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि ओकलंडमधला बेसबॉल संपला.

मला वाटले होते की लोक खुर्च्या उपटतील. तसे काही झाले नाही. विजयानंतर नेहमी वाजणारे गाणे वाजले आणि लोक जागचे हलेनात. मार्क कॉटसेने मैदानात उभे राहून ध्वनिक्षेपकावरून आभार मानले आणि शेवटी ओकलंडच्या नावाची घोषणा त्यानेच सुरू केली. मालक आले नव्हते. त्यांनी त्या आठवड्यात चाहत्यांना एक पत्र लिहून प्रयत्न अपुरे पडल्याची खंत व्यक्त केली होती, तिचा परिणाम जो व्हायचा तोच झाला. मैदानाची निगा राखणारी माणसे कठड्यापाशी येऊन लोकांच्या पेल्यांत आणि पिशव्यांत माती भरून देत होती. रिकी त्या दिवशी खुशीत दिसला. २० डिसेंबरला, सहासष्टावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, तो न्यूमोनियाने गेला.

हंगाम तिथे संपला नव्हता, हे सहसा कोणी सांगत नाही. वेळापत्रकात अजून तीन सामने होते, ते सिअॅटलला खेळले गेले आणि त्यांतल्या अखेरच्या सामन्यात ए’ज हरले. त्यानंतर जे झाले त्याने मात्र मी खरोखर संतापलो. डिसेंबर २०२४ मध्ये संघाने लुईस सेव्हेरिनो या पिचरशी तीन वर्षांसाठी ६.७ कोटी डॉलरचा करार केला. फिलाडेल्फिया, कॅन्सस सिटी आणि ओकलंड मिळून सव्वाशे वर्षांच्या इतिहासात संघाने तोवर केलेला हा सर्वांत मोठा करार होता. जानेवारीत रूकरला पाच वर्षांसाठी ६ कोटी डॉलर मिळाले आणि लवकरच बटलरलाही दीर्घ करार. थैली होती तर. ओकलंडच्या हद्दीत ती सुटत नव्हती. आता हा संघ आपल्या नावात सॅक्रामेंटोही लावत नाही. तो नुसताच ॲथलेटिक्स आहे, गावाच्या नावाविना.

ओकलंडमध्ये २०२४ पासून बॉलर्स नावाचा एक छोटा व्यावसायिक संघ पायोनियर लीगमध्ये खेळतो, शहराच्या पश्चिम भागातल्या रायमंडी पार्कवर. साध्या लोकांनाही त्याचे भाग विकत घेता आले. २०२५ मध्ये त्याने लीगचे विजेतेपद मिळवले. कोलिसियमच्या ढोलवाल्यांपैकी काही जण आता तिथे वाजवतात. मीही जातो. खेळाचा दर्जा अर्थातच वरच्या लीगचा नाही. झेल सुटतात, पिचर चार-चार बॅटरना फुकट पहिल्या बेसवर धाडतात आणि सामने लांबतात. तेथील फळ्यांच्या बाकांवर पाठ दुखते. पण कोण आले आणि कोण आले नाही याचा हिशेब तिथे कोणाविरुद्ध वापरला जात नाही, आणि पाऊस पडेलसे वाटले की मी बिनदिक्कत घरी राहतो.